कपाळाचं हाड आणि सरकारी पैसा

ठाण्यात कट्टे पुष्कळ आणि कट्ट्यांवरचे विषयही पुष्कळ. पण गेल्या महिन्यात नौपाड्यातल्या एका बैठकीत ज्या विषयावर दोन तास गेले, तो तिथं पहिल्यांदाच निघाला असावा. जन्मावेळी मुलगा ठरवल्या गेलेल्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्रियांच्या चेहऱ्यावर ज्या शस्त्रक्रिया होतात, म्हणजे कपाळाचं हाड मागं घेणं, जबड्याचे कोन कमी करणं, कंठमणी तासणं, त्यांचा खर्च सरकारी विम्यातून व्हावा की नाही? एक बाजू म्हणाली, हे शौक आहेत, ज्याचे त्यानं खिशातून भागवावेत. दुसरी बाजू म्हणाली, हे मिळालं नाही तर या मुली जीव देतील. पहिल्या बाजूला हाड म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि दुसरीला पुरावा म्हणजे काय ते. मधल्या चहात दोन्ही बाजू बटाटेवड्यावर एक झाल्या, तेवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा. सरसकट नव्हे, ठरावीक शस्त्रक्रियांचा व्हावा. आणि कुष्ठरुग्णाचं बसलेलं नाक किंवा भाजलेल्या बाईचे ओठ आपण ज्या कारणासाठी सरकारी रुग्णालयात घडवतो, त्याच कारणासाठी व्हावा. त्याचबरोबर, चेहरा बदलला नाही म्हणून कुणाचं स्त्री असणं कमी धरलं जाऊ नये. ही दोन विधानं एका दमात केली की दोन्ही बाजू नाराज होतात. होऊ द्यात.

मुळात ही शस्त्रक्रिया काय आहे, हे त्या दोन तासांत कुणी नीट सांगितलं नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकामुळे भुवईवरचा कंगोरा पुढं येतो, जबडा रुंद होतो, हनुवटी उंच होते, गळ्यातली कूर्चा टोकदार होते. पुढं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक सुरू केलं की त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते. पण एकदा वाढलेलं हाड मागं जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या डग्लस औस्टरहाउट या कवटीच्या शल्यविशारदाकडे १९८२ साली एक रुग्ण पाठवली गेली. बाकीचे सगळे उपचार झालेली. तरी लोक तिला पुरुषच समजत होते. औस्टरहाउट यांनी कवट्यांचे संग्रह आणि मापं पालथी घातली आणि स्त्री-पुरुषांच्या कपाळात नेमका फरक कुठं असतो ते शोधलं. मग जन्मजात व्यंगांसाठी आणि अपघातांसाठी वापरली जाणारी तंत्रं त्यांनी या कामाला लावली.

कपाळाचंच घ्या. भुवयांच्या मागं हाडात एक पोकळी असते, तिची पुढची भिंत काही मिलिमीटरची. पुढं आलेला कंगोरा नुसता घासून कमी करायला गेलं तर ही भिंत फुटून पोकळी उघडी पडू शकते. म्हणून आधी सीटी स्कॅन करून जाडी बघतात. भिंत जाड असेल तर घासून भागतं. नसेल तर केसांच्या रेषेशी किंवा डोक्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चीर देऊन त्वचा खाली घेतात, भिंतीचा तुकडा कापून काढतात, त्याला आकार देऊन मागं बसवतात आणि टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी पक्का करतात. नंतर डोक्याची टाळू महिनोन्‌महिने बधिर राहते, काहींची थोडीफार कायमची. जबड्याच्या हाडातून खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस जाते, तिला धक्का लागला तर ओठ बधिर. कंठमणी जास्त तासला तर आवाज बिघडतो, कारण स्वरतंतू आतून तिथंच जोडलेले असतात. हा शौक असेल तर फारच जिवावरचा शौक म्हणायचा.

हे सगळं कशासाठी? सुंदर दिसायला, असं उत्तर चटकन येतं. माझ्या ओळखीतली एक मुलगी ठाण्याहून ऐरोलीला नोकरीला जाते. ट्रान्स-हार्बरचा प्रवास तो केवढा, मधे एक दिघा गाव. पण लेडीज डब्यात चढल्यावर बायकांची नजर कशी फिरते ते मी शेजारी उभं राहून बघितलं आहे. नजर आधी पायांवर, मग ओढणीवर, मग गळ्यावर, आणि कपाळाशी येऊन थांबते. मग कुणीतरी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतं. कुणी मायेनंच सांगतं, "अहो, जेन्ट्स डबा पुढं आहे." ती दाराशीच उभी राहते, खिडकीपाशी जागा असली तरी. तिला त्या डब्यात सुंदर दिसायचं नाही. तिला तिथं कुणाच्याही लक्षात न येता ऐरोलीपर्यंत पोचायचं आहे.

मी विम्याच्या दाव्यांचं काम करते, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू माझ्या टेबलावरून जाते. विमा नियामकानं २०१९ साली आरोग्य पॉलिसींसाठी जे प्रमाणित अपवाद, म्हणजे विम्यातून वगळलेले खर्च, ठरवून दिले, त्यांत सातवा लिंगबदलाच्या उपचारांचा आहे आणि त्याला लागूनच आठवा कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचा. आठव्यात सूट आहे: अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल तर. पारलिंगी बाईची फाइल आली की एक अपवाद चुकवावा तर दुसरा अडवतो. काही आयटी कंपन्या आपल्या सामूहिक पॉलिसीत सातवा अपवाद काढून घेतात, त्याचं कौतुकही होतं. मग कपाळाचं बिल येतं आणि ते आठव्यात अडकतं.

कायदा मात्र याहून पुढं आहे, आणि हे त्या बैठकीत कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या १५ व्या कलमात, ज्यांचा खर्च सर्वंकष विमा योजनेतून भागवायचा त्या उपचारांत, लिंग पुनर्निर्धारण शस्त्रक्रिया आणि संप्रेरकांच्या जोडीला लेझर उपचारांचं नाव लिहिलं आहे. लेझर कशासाठी? मुख्यतः दाढीसाठी. म्हणजे या उपचारांत चेहराही येतो, हे संसदेनं मान्य केलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आयुष्मान भारतखाली पारलिंगी व्यक्तींना वर्षाला ५ लाखांचं संरक्षण देण्याचा करार झाला, तो याच वाटेवरचा. आता जबड्यावरचे केस काढायला सरकार पैसे देणार आणि केसांखालच्या जबड्याला शौक म्हणणार, याला तर्क कोणता?

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा. भाजलेल्या रुग्णांसाठी खाटा पुरत नाहीत, कळव्याच्या रुग्णालयावर शहापूर-मुरबाडपासूनचा भार आहे, ऑपरेशन थिएटरचा प्रत्येक तास कुणाच्या तरी रांगेतून काढून दिलेला असतो. हे खरं आहे आणि त्याला भावनेनं उत्तर देता येत नाही. आकड्यानं थोडंफार देता येतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ जणांची नोंद झाली. ती अपुरी धरा, दुप्पट करा. त्यांत पारलिंगी पुरुष आहेत, मुलं आहेत, आणि ही शस्त्रक्रिया नकोच असलेल्या कितीतरी जणी आहेत. उरतात त्यांच्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवं कौशल्यही फारसं लागत नाही. नेरूळपासून खारघरपर्यंत दंत महाविद्यालयांची रांग आहे. सायन-पनवेल महामार्गावर बाइकवरून पडलेल्या पोरांचे जबडे जोडणं हे अशा ठिकाणच्या मुख-जबडा शल्यविभागांचं रोजचं काम. तोच जबडा, त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. शिवाय रांगेत कोण आधी, हा प्रश्न गुडघा बदलण्यालाही लागू आहे. तिथं आपण क्रम लावतो, दार बंद करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. भाजलेला चेहरा बिघडलेला असतो, फाटलेला ओठ बिघडलेला असतो. इथं तर हाड ठणठणीत आहे. निरोगी शरीरावर सरकारनं सुरी का चालवावी? ऐकायला बिनतोड वाटतं. पण मग नसबंदीचं काय? पूर्ण निरोगी माणसाचा पूर्ण निरोगी अवयव निकामी करायला सरकार गेली कित्येक दशकं खर्च करतंय, वर करून घेणाऱ्याला पैसेही देतंय. कारण एकच, त्या माणसाला कसं जगायचं आहे ते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा निसर्गाच्या विरुद्ध जाण्याचा आरोप त्यांच्यावरही झाला होता. आज आरोग्य केंद्राच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला असतो आणि त्याखाली बसून आपण निरोगी शरीराचं पावित्र्य सांगतो.

आणि बिघडलेल्या चेहऱ्याचं म्हणाल, तर कुष्ठरोगाचा इतिहास बघा. औषधानं रोग आटोक्यात आला, जंतू गेले, संसर्गाची भीती संपली. तरी बसलेलं नाक आणि झडलेल्या भुवया माणसाची ओळख सांगतच राहिल्या. वैद्यकाच्या हिशेबानं तो बरा होता. हॉटेलवाल्याच्या हिशेबानं नव्हता. डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्यात आणि मग मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा रुग्णांची नाकं आणि चेहरे दुरुस्त केले, ते काय फक्त श्वास नीट घेता यावा म्हणून? बसमध्ये शेजारचा उठून जाऊ नये म्हणून केले. ही शस्त्रक्रिया रोग्यावर होती, तिचं कारण मात्र समाजात होतं. अँटिया ज्यांच्या हाताखाली शिकले ते हॅरल्ड गिलिज पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे उडालेले चेहरे घडवून नावारूपाला आले होते. त्याच गिलिज यांनी १९४० च्या दशकात मायकल डिलन या पारलिंगी पुरुषावर आणि १९५१ मध्ये रॉबर्टा कॉवेल या पारलिंगी स्त्रीवर शस्त्रक्रिया केल्या. आपण जिथं भिंत बांधतोय तिथं त्या माणसाला भिंत दिसली नव्हती.

आणखी मागं जायचं तर पुण्यालाच जावं लागेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात बैलगाडी हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं, आणि पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका वैद्यानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक लावलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात हे छापून आलं आणि युरोपातल्या शल्यविशारदांनी ते गिरवलं. नाक कापल्यावर कावसजी वर्षभर तसाच होता. जिवाला धोका नव्हता. आजच्या पॉलिसीत अपघाताच्या कलमात तो बसला असता की नाही, याची मला शंका आहे. शत्रूनं मुद्दाम कापलं याला अपघात कसं म्हणणार?

बैठकीत पाठिंबा देणाऱ्यांनी मात्र बालगंधर्वांचं उदाहरण काढलं. आपल्याकडे हे हमखास निघतं, आणि ते चुकीचं आहे. बालगंधर्वांच्या स्त्रीरूपावर महाराष्ट्र भाळला, बायकांनी त्यांच्यासारखी लुगडी नेसली, हे खरं. पण प्रेक्षकांना ठाऊक होतं की रंग उतरला की नारायणराव राजहंस घरी जाणार आहेत. रंगमंचावरच्या पुरुषाला स्त्री मानणं सोपं असतं, कारण नाटक संपतं. मंगळवारी सकाळी कोपरखैरणेच्या रेशन दुकानापुढं उभ्या असलेल्या बाईला बाई मानायची वेळ येते तेव्हा गंधर्वयुगाचा अभिमान कामाला येत नाही.

पुराव्याच्या बाबतीत विरोधकांचं म्हणणं मला निम्मं मान्य आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात ६६ रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. जीवनमानाचे गुण ठळकपणे वाढले. पण ६६ म्हणजे काही फार नव्हेत, पाठपुरावा महिन्यांचा, दहा वर्षांचा नव्हे. "नाही मिळालं तर जीव देतील" असं म्हणण्याइतका पुरावा यात नाही, आणि असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. ज्या मुलीला ही शस्त्रक्रिया परवडत नाही तिच्या कानावर हे वाक्य पडतं तेव्हा तिला काय ऐकू येत असेल? पारलिंगी आरोग्याच्या जागतिक संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक मानकांत चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांना जागा आहे, एवढं म्हणणं पुरेसं आहे. तेवढ्या पुराव्यावर आपण इतर पुष्कळ गोष्टींचे पैसे देतो.

मला खरोखर अडवतो तो आक्षेप स्त्रीवाद्यांचा. बाईचं कपाळ असंच, जबडा तसाच, हा साचा कुणी ठरवला? औस्टरहाउट यांची मापं अमेरिकेतल्या संग्रहांवरची. आमच्या आजीचा जबडा त्या मापानं नक्कीच पुरुषी निघाला असता, आणि तिला पुरुष म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यातून खासगी दवाखाने या मापांना आणखी साखर लावतात. जाहिरातीतली प्रत्येक बाई एकाच निमुळत्या हनुवटीची. हा धोका खराच आहे. म्हणूनच तर मला हे काम बाजारावर सोडायचं नाही. खिशातून पैसे देणारीला दवाखाना जितकं विकता येईल तितकं विकतो. सरकारी रुग्णालयातला डॉक्टर सीटी स्कॅन बघून "तुला जबड्याची गरज नाही, कपाळ पुरे" असं म्हणू शकतो, कारण त्याला जबड्याचं कमिशन नाही. आणि साचा मोडायचं काम आधी पारलिंगी बाईनंच का करायचं? राम मारुती रोडच्या पार्लरमध्ये ओठांवरचं थ्रेडिंग करून घेणाऱ्या आपल्यापैकी कुणाला साचा मोडायला सांगितलं गेलं नाही. ज्या बाईचं बाईपण रोज तपासलं जातं तिच्याकडूनच क्रांतीची अपेक्षा करणं मला बरं दिसत नाही.

"चेहरा नको, समाज बदला" हे याचंच थोरलं भावंड. समाज बदलायलाच हवा. पण तोवर? १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं विधवांचं केशवपन करायला नकार दिला. विधवेकडे बघण्याची समाजाची दृष्टी त्यानं बदलली का? नाही, त्याला पुढं कित्येक दशकं गेली. पण वस्तरा खाली ठेवला गेला तिथं एका बाईचं डोकं त्या दिवशी वाचलं. आधी मतपरिवर्तन होऊ द्या मग बघू, असं त्या बाईला सांगायला मी धजावले नसते.

तृतीयपंथी समाजातल्या काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं याहून वेगळं आहे, आणि ते ऐकायला हवं. आमच्या गुरूंनी चिमट्यानं दाढी उपटत आयुष्य काढलं, आम्हाला हाडं कापायची गरज पडली नाही, असं त्या म्हणतात. खरंच पडली नाही. बधाईला, म्हणजे शुभप्रसंगी आशीर्वाद द्यायला, जाणाऱ्या तृतीयपंथीला लोकांनी ओळखावं लागतं; तिचा मान, तिचा आशीर्वाद, तिचं उत्पन्न त्या ओळखीवर उभं आहे. ऐरोलीच्या ऑफिसात संगणकापुढं बसणारीचा पगार तिला ओळखलं न जाण्यावर अवलंबून असतो. एकीची गरज दुसरीवर लादता येत नाही, दोन्हीकडून.

इथंच माझ्या दुसऱ्या विधानाचं महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्पष्ट सांगितलं की लिंगओळख मान्य करायला शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं अनैतिक आणि बेकायदा आहे. तरी २०१९ च्या कायद्यात प्रमाणपत्रावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहून घ्यायला शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला मागितला गेलाच. उद्या चेहऱ्याची शस्त्रक्रिया सरकारी खर्चानं मिळायला लागली की कारकून विचारेल, फुकट मिळतंय तर करून का घेत नाही? भाऊबंद विचारतील, घरमालक विचारेल. सवलतीची सक्ती व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही. आणीबाणीतल्या नसबंदीनं ते दाखवून दिलं आहे. म्हणून योजनेच्या त्याच शासननिर्णयात दुसरी ओळ हवी, की ही शस्त्रक्रिया कोणत्याही प्रमाणपत्राची, प्रवेशाची, नोकरीची अट असणार नाही.

पहिल्या ओळीत काय असावं? कपाळाची पुनर्रचना, जबडा आणि हनुवटीचं हाड, कंठमणी. जे टेस्टोस्टेरॉननं केलं आणि औषधानं परत जात नाही, तेवढं. आवाजाचे उपचारही यात धरावेत असं मी म्हणेन. इस्ट्रोजेननं आवाज बदलत नाही आणि फोनवर तर कपाळ दिसतच नाही. वय १८ पूर्ण, आधी समुपदेशन, आणि संमतीपत्र मराठीत, त्यात ओठ आणि डोक्याची टाळू बधिर होण्याची शक्यता सरळ लिहिलेली. ओठ फुगवणं, गालात भराव, सुरकुत्या काढणं यांचा खर्च ज्याचा त्यानं करावा. तिथं मी शौकवाल्यांच्या बाजूची. नाकाचं काय, हे मात्र माझं अजून ठरलेलं नाही. नाकाच्या आकारात टेस्टोस्टेरॉनचा हात आहे, पण आजोबांचा त्याहून जास्त.